भुजची लाइन

हिराताई शेलार आमच्या कात्रजच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. पस्तीस वर्षं त्या पुण्यात, लष्कराच्या दक्षिण कमांडच्या मुख्यालयात टेलिफोन ऑपरेटर होत्या. अंगावर गणवेश नाही, पण काम लष्कराचं. हे सगळं त्यांनी मला एका बैठकीत सांगितलं नाही. दोन-तीन वर्षांत, जिन्यात, गच्चीवर, कपडे वाळत घालताना, असं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. आवाज कधी चढला नाही, कधी उतरला नाही.

माहेर ताडीवाला रोडचं. वडील दशरथ ओव्हाळ खडकीला कारखान्यात होते, ते लवकर गेले. आई सुंदराबाई मूळची लोणी काळभोरची. पोरांनी शिकायचं, एवढी एकच गोष्ट त्या घरात वाटाघाटीबाहेर होती. हिराताई एकोणनव्वद साली एक्स्चेंजमध्ये लागल्या आणि तीन वर्षांनी धाकटा भाऊ ज्ञानदेव फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती झाला.

एक्स्चेंजमधल्या शकूताईंनी त्यांना पहिल्या आठवड्यातच समोर बसवून कमांड पाठ करून घेतली.

"वर कमांड. तिच्याखाली कोअर. मग डिव्हिजन, मग ब्रिगेड, मग पलटण. पाढे पाठ केलेस ना शाळेत? तसंच. साहेब फक्त गावाचं नाव घेतात, बाकीचं आपल्याला कळायला हवं."

जोधपूर म्हणजे कोण, मुंबई म्हणजे कोण, मद्रासची लाइन कुठून फिरते, हे हिराताई शिकल्या. ही कमांड इंग्रजांच्या काळातली, अठराशे पंच्याण्णवची, त्याआधी मुंबईची फौज वेगळी आणि मद्रासची वेगळी होती, हेही शकूताईच सांगायच्या. हैदराबादची कारवाई इथून चालली, गोव्याची इथून चालली. "तेव्हा बोर्डावर आपल्यासारखंच कुणीतरी बसलेलं असणार," शकूताई म्हणायच्या. "त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. आपलीही नसणार. तेव्हा डबा खा वेळेवर."

आणखी एक नियम होता. लाइनवर कानावर पडलेलं लाइनवरच ठेवायचं. घरी न्यायचं नाही, नवऱ्याला सांगायचं नाही.

दोन हजार एकच्या सव्वीस जानेवारीला हिराताईंची सकाळची पाळी होती. पावणेनऊच्या सुमारास गुजरातमध्ये भूकंप झाला. गुजरात दक्षिण कमांडच्या अखत्यारीतलं. दहा वाजेपर्यंत बोर्डावरचे कॉलचे सगळे दिवे एकदम पेटलेले होते आणि प्रत्येकाला एकच हवं होतं.

"भुज लावा."

"साहेब, भुज बंद आहे."

"पुन्हा लावा."

त्या दिवशी हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकलं, त्यांना सांगता येत नाही. ज्ञानदेव भुजलाच होता. अठ्ठावीस वर्षांचा, लग्न ठरत आलेलं. हे शेजारच्या खुर्चीवरच्या शकूताईंना माहीत होतं. त्या भुजचे कॉल आपल्याकडे ओढून घेत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी रेडिओवरून कशीबशी एक लाइन जोडली गेली. पलीकडून नावं सांगायची होती. सापडलेल्या आणि ओळख पटलेल्या मृतांची. इथल्या मेजरसाहेबांना खरखरीत काही कळेना. त्यांनी एक्स्चेंजला सांगितलं, तुमचे कान तयार आहेत, तुम्ही लिहून घ्या. लाइन हिराताईंच्या बोर्डावर होती.

त्या लिहीत गेल्या. नंबर, हुद्दा, नाव. सातव्या नावाला पलीकडचा जवान अडखळला. उत्तरेकडचा असावा, त्याला ते नाव म्हणता येईना.

"मैडम, नाम मुश्किल है. स्पेलिंग देता हूँ. डेल्टा. नोव्हेंबर. यांकी."

डी, एन, वाय; फौजेत अक्षरं अशीच सांगतात. ज्ञ इंग्रजीत असा लिहिणारे महाराष्ट्रातलेच. तिसऱ्या अक्षराला हिराताईंना कळलं. तो पुढे सांगत होता, त्या लिहीत होत्या. अल्फा. नोव्हेंबर. मग आडनाव. ऑस्कर. व्हिक्टर.

"मग?" मी विचारलं होतं.

"मग आठवं नाव," त्या म्हणाल्या.

अकरा नावं झाली. नियमाप्रमाणे त्यांनी सगळी परत वाचून दाखवली, सातवंही. पलीकडून "करेक्ट" असं आलं. कागद मेजरसाहेबांकडे गेला. त्यांच्या दृष्टीने ही शेलार आणि तो ओव्हाळ. त्यांना कळायचं कारण नव्हतं. शकूताईंनी कागद जाताना पाहिला होता. त्या पाणी घेऊन आल्या. हिराताई ते प्यायल्या आणि पुढचा दिवा पेटला होता तो त्यांनी घेतला. पाळी संपेपर्यंत त्या बसल्या.

"हातपाय होते," त्या म्हणाल्या. "ते करत होते. मी कुठे होते, माहीत नाही."

सासर तेव्हा माहेराला लागूनच होतं. संध्याकाळी त्या आईकडे गेल्या. अधिकृत तार आलेली नव्हती. सुंदराबाई परातीत तिळाचे लाडू वळत होत्या.

"लष्कराच्या गाड्या जात्यात म्हनं तिकडं मदत घिऊन. त्याच्यात दे ह्ये. पोरगं उपाशी आसंल."

हिराताईंनी डबा घेतला. दुसऱ्या दिवशी कॅम्पात मदतीचं सामान गोळा होत होतं, तिथे ब्लँकेटांच्या ढिगाशेजारी ठेवून दिला. संध्याकाळी आईने विचारलं, "पोचतं केलंस?" त्या म्हणाल्या, "दिला." तार त्याच्या दुसऱ्या दिवशी आली.

हे उघड झालं ते पाच वर्षांनी, शकूताईंच्या तोंडून. त्या नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, सहज भेटायला आल्या होत्या. बोलता बोलता सुंदराबाईंना म्हणाल्या, "तुमची पोर लोखंडाची आहे. भावाचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं, पण हात हलला नाही." त्यांना वाटलं, आईला ठाऊक असणार.

सुंदराबाईंनी पाहुणीला चहा दिला, निरोप दिला, दार लावलं.

"तुला ठावं व्हतं? लाडू नेलंस तवा?"

"हो."

त्यानंतरही आईचं सगळं हिराताईच करायच्या, कारण आईला दुसरं कुणी नव्हतं. हिराताईंनी कात्रजला फ्लॅट घेतला तेव्हा आईलाही आणलं. पण सुंदराबाई लेकीशी गरजेपुरतंच बोलायच्या. औषध संपलं. नळ आला. जावयाशी, नातीशी मात्र गप्पा. अशी अठरा वर्षं.

दरम्यान मुख्यालयात बदल होत राहिले. जयपूरला नवी कमांड निघाली, राजस्थानचा काही भाग तिकडे गेला, आणि ओळखीचे आवाज एका सकाळी बोर्डावरून नाहीसे झाले. पुढे बोर्डही गेला. साहेब लोक स्वतःच नंबर फिरवू लागले. शेवटची वर्षं हिराताईंनी टपालाच्या विभागात काढली. निरोपसमारंभात शाल दिली, दोन शब्द बोला म्हणाले. त्या म्हणाल्या, "सगळ्यांचे आभार." तेवढे दोनच शब्द झाले.

निवृत्तीनंतरच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्या आईच्या पायाची नखं काढत होत्या. सुंदराबाईंना तोवर ब्याऐंशी वर्षं झाली होती.

"त्यानं नाव कसं सांगितलं गं?" सुंदराबाईंनी एकाएकी विचारलं.

"कुणी?"

"फोनवरच्यानं."

हिराताईंनी सांगितलं. एकेक अक्षर, त्याने म्हटलं होतं तसं.

"मंग तू?"

"परत वाचून दाखवलं. चूक व्हायला नको म्हणून."

सुंदराबाईंनी नखं काढून झालेला पाय खाली घेतला. मग म्हणाल्या, "त्ये दोन दिस म्या जेवले. चांगली जेवले. त्याच्यानंतर कवा ग्वाड लागलं न्हाई."

ही तक्रार होती की आणखी काही, हिराताईंना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. दुसरा पाय मांडीवर घेतला.

त्यानंतर सुंदराबाई अकरा महिने होत्या. बोलायला लागल्या होत्या थोडं. वांग्याच्या भावाबद्दल, लोणीच्या कुणा चुलत भावाबद्दल, एकदोनदा ज्ञानदेवच्या शाळेबद्दलही. मागच्या वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, झोपेतच गेल्या. नातेवाइकांना फोन हिराताईंनीच केले, एकामागून एक. मला त्यांनी दारात उभं राहून सांगितलं.

"तुम्ही रडलात का हो?" काही आठवड्यांनी मी विचारलं. विचारायला नको होतं.

"नाही," त्या म्हणाल्या, आणि गच्चीवरच्या दोरीला चादरीचं दुसरं टोक धरायला मला सांगितलं.