मेलेल्या मित्राच्या ओळी

हे मी अजून कुणाला बोललेलो नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही.

पुण्यात मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. बायकोला डब्लिनजवळच्या औषध कंपनीत नोकरी मिळाली आणि तिच्यामागून मी आयर्लंडमध्ये, समुद्रकाठच्या डून लेरी गावात आलो. शेजारचा संजय चिप कारखान्यात इंजिनिअर. आवाज भारदस्त. मला लहानपणी शिकलेला पियानो येत होता. चर्चच्या हॉलमधल्या कार्यक्रमासाठी आम्ही शंभरेक वर्षांपूर्वीची एक इंग्रजी गीतमाला बसवत होतो — कविता एकाच्या, चाली दुसऱ्याच्या. त्यातल्या एका गाण्यात मेलेला तरुण जिवंत मित्राला विचारतो, माझ्यामागे सगळं कसं चाललंय? मित्र उत्तर देतो. दोघांच्याही ओळी गाणारा एकच. मेलेल्याच्या ओळी अगदी हलक्या आवाजात, लांब श्वासावर गायच्या.

संजयला तो श्वास पुरेना.

एका तालमीत तो मध्येच थांबला, पियानोला धरून उभा राहिला. ओठ पांढरे. छातीत दाबल्यासारखं होतंय, म्हणाला. जिना चढतानाही होतं. मग हसला. "अरे, इथले म्हणतात तसं, ग्रँड आहे मी, ठणठणीत. वैदेहीला बोलू नकोस हां, लगेच डॉक्टरकडे नेऊन बसवेल. कार्यक्रम होऊ दे, मग जातो."

आणि मी? साथ करणाऱ्याला एक युक्ती येते — गाणाऱ्याचा श्वास तुटणार असं वाटलं, की लय किंचित पुढे रेटायची. ओळ लवकर संपते, ऐकणाऱ्याला कळत नाही. मी तेच केलं. वैदेहीला, त्याच्या बायकोला, काही बोललो नाही. इथे मी फक्त कुणाचा तरी नवरा होतो. मला ती संध्याकाळ हवी होती.

कार्यक्रम झाला. लोकांनी त्याच्या दमसासाचं कौतुक केलं. त्याच आठवड्यात तो घरात कोसळला. गेला.

इथल्या मराठी मंडळासाठी निधनाची बातमी मीच लिहिली. 'अचानक' हा शब्द माझा. तो खोटा आहे हे लिहितानाच माहीत होतं. वैदेहीने विचारलं, "भावोजी, तालमीत कधी काही म्हणाला होता का हो?"

नाही, म्हणालो.

आता कधी ते गाणं एकटाच वाजवतो — मूळ लयीत, न रेटता. मेलेल्याच्या ओळी सुरू होण्याआधी माझ्या मागे कुणीतरी श्वास घेतं. भास म्हणा. मीही तेच म्हणत होतो. पण हा श्वास पुरतो — प्रत्येक ओळीला, शेवटपर्यंत. परवा बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण आलंय रे?"

मी पुढची ओळ वाजवली.

रविवारी वैदेही जेवायला आली होती. ती अजून तेच म्हणते, "एका घरात राहत होते, आणि मला कळलं नाही. कसली बायको मी?"

मी तिच्या ताटात भात वाढला. म्हणालो, "कुणालाच कळलं नसतं."