वय सांगणारं माणूस

आमच्या दुकानात एका फळीवर बायकांची वयं मांडून ठेवलेली आहेत. पंचविशीच्या पुढे, पस्तिशीच्या पुढे, पंचेचाळिशीच्या पुढे. ज्या खोक्यावर जो आकडा, ते तुमचं वय. हे कारखानदार कोण लागून गेले आमची वयं ठरवणारे, असं मला रोज वाटतं, आणि रोज मी तीच खोकी विकते. दुकान नांदेडात, कॉलेजच्या रस्त्याला. बांगड्या, टिकल्या, पिना आणि तोंडाला लावायचं काय वाट्टेल ते. काढलं आमच्या ह्यांनी, चालवलं मी, आणि सून ऋतुजा आल्यापासून त्याला इंग्रजी पाटी लागली आहे.

पंचशीला पहिल्यांदा आली तेव्हा पाटी मराठीच होती. ती बिलोलीकडची. वडील लवकर गेलेले, गावी माय आणि दोन धाकटे भाऊ, आणि ही नांदेडला सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून नुकतीच लागलेली. काउंटरपाशी ती इतका वेळ पिना बघत उभी राहिली की मला वाटलं, ही आता पिनांचं दुकान टाकते. शेवटी हळूच म्हणाली, "वहिनी, रविवारी पाहुणे येणार हायत. तोंड जरा बरं दिसंल असं काही हाय का?"

आमच्याकडे नुसतं पाहुणे म्हटलं की मुलगी बघायला येणारे. मी तिला मुलतानी माती दिली, गुलाबपाणी दिलं, थंडीचं क्रीम दिलं आणि कसं लावायचं ते सांगितलं. ते पाहुणे आले, पोहे खाल्ले, कळवतो म्हणाले आणि गेले. त्यांच्यानंतर आणखी आले आणि तेही कळवतो म्हणाले. पण पंचशीलानं माती आणि गुलाबपाणी काही सोडलं नाही. पुढचे पाहुणे कधी येतील सांगता येत नाही, तोंड आपलं तयार असलेलं बरं, असं तिचं म्हणणं.

भावांना घाई नव्हती. एकाचं शिक्षण चालू होतं, दुसऱ्याला नोकरी लागायची होती, आणि घर हिच्या पगारावर होतं. "ताई तर आत्ता चोवीसची हाय," असं ते म्हणत. कागदावर ती चोवीसचीच होती, आणि सगळा घोळ तिथेच होता.

आमच्या मराठवाड्यात निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. मीसुद्धा. गुरुजी पोराला उभं करायचे, डोक्यावरून हात नेऊन पलीकडच्या कानाला लागतो का बघायचे, लागला की सहा वर्षं पूर्ण धरायचे आणि तारीख टाकायचे एक जून. पंचशीलाचा हात कानाला कधीचाच लागत होता. पण दोघा धाकट्यांतल्या मोठ्याला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून मायनं तिला घरी ठेवलं. तो शाळेत निघाला तेव्हा त्याच्याबरोबर हीही निघाली. गुरुजींनी दोघांचे हात कानाला लावून बघितले आणि दोघांना एकच तारीख, एकच साल टाकून दिलं, एक जून एकोणीसशे पंच्याहत्तर. कागदावर बहीणभाऊ जुळे झाले.

तिची माय एकदा डोळे दाखवायला नांदेडला आली होती, तेव्हा दुकानात स्टुलावर बसून तिनं मला हे सांगितलं. "बहात्तरच्या दुस्काळात म्या खडी फोडाया जायची, तवा ही माझ्या बोटाला धरून चालायची. आन मास्तर म्हन्तो पंच्याहत्तर. लेकरू त्याच्या पोटातून आलं का माझ्या?" पंचशीला लाजून हसत होती. मायला खोटं पाडायला तिच्याकडे काही नव्हतं, आणि कागद खोटा पाडावा असं तेव्हा तिला वाटत नव्हतं. चार वर्षं फुकटात मिळत असतील तर कोण सोडतं?

भावांची लग्नं झाली. एक पुण्याला गेला, एक औरंगाबादला. पाहुणे यायचे थांबले. त्या सुमाराला पस्तिशीच्या पुढचं खोकं बाजारात आलं आणि पंचशीलानं ते हातात घेऊन मला विचारलं, "वहिनी, कागदाचं वय धरू का मायचं?"

"लावायचं तर मायचं धर, सांगायचं तर कागदाचं सांग," मी म्हणाले. आम्ही दोघी खूप हसलो. त्या दिवसापासून ती कचेरी सुटली की घरी जाण्याआधी दुकानात टेकू लागली. घेण्यासारखं काही नसलं तरी यायची. मीही दोन चहा सांगायला लागले.

माय वारली तेव्हा पंचशीला बरेच दिवस दिसली नाही. मग एके दिवशी आली आणि क्रीम मागितलं. मला तेव्हा तिचा रागच आला. मायला जाऊन महिना झाला नाही आणि हिला तोंडाची पडली आहे, असं मनात आलं. पुढे एकदा तिच्या घरी गेले तेव्हा माझं मत बदललं. नांदेडातच भाग्यनगरला दोन खोल्या, एक खुर्ची, एक ताट, कपाटावर बुद्धाची मूर्ती, सगळं लख्ख. तिनं माझ्यासमोरच तोंड धुतलं आणि आरशापुढे उभी राहून क्रीम लावलं. हनुवटीपासून वर, गालावरून वर, कपाळावरून वर, अगदी सावकाश. मला कळलं की दिवसभरात त्या चेहऱ्यावरून मायेनं फिरणारे हात एवढेच, तिचे स्वतःचे. मला रडू आलं आणि मी पाणी मागितलं.

ऋतुजा आल्यावर फळीवर नवीन माल आला. सीरम, उन्हाचं क्रीम, रात्री वाटाण्याएवढं घ्यायचं आणखी एक काहीतरी, ज्याचं नाव मला अजून नीट घेता येत नाही. ऋतुजा कॉलेजच्या पोरींना सांगते की पंचविशीतच सुरुवात करायची, सुरकुती पडल्यावर धावपळ करून उपयोग नाही. तिनं पंचशीलालाही तेच ऐकवलं, "काकू, तुम्ही लई उशिरा सुरू केलं." पंचशीला म्हणाली, "बाई, तू पाळण्यात होतीस तवापासून मी हेच करून राहिले." आणि ते खरंच होतं. पन्नाशीला आलेली बाई चाळिशीची वाटायची. मे महिन्याच्या उन्हातून ती तोंडाला स्कार्फ गुंडाळून, हातमोजे घालून जायची, आणि कचेरीतल्या नव्या मुली तिला विचारून क्रीम घ्यायच्या. एवढं करून तो चेहरा घरी नेऊन दाखवायचा कुणाला, हे तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मागच्या वर्षी लातूरला त्यांच्या समाजाचा वधूवर परिचय मेळावा होता. विधवा, विधुर, उशिराचे, सगळ्यांसाठी. पंचशीला कुणाला न सांगता गेली आणि परत आल्यावर फक्त मला सांगितलं. तिथे तिला आनंदराज भेटले. लातूरजवळच्या मुरुडचे, पोस्टातून निवृत्त झालेले, थोडी जमीन, बायको जाऊन तीनेक वर्षं झालेली, मुलगा गावात, मुलगी लुंबिनी लग्न होऊन लातुरात. माणूस अबोल. पण रोज फोन करायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "जेवलात का?"

पंचशीला मला म्हणाली, "वहिनी, माय गेल्यापासून मला हे कुणी इचारलं न्हाई." बस, एवढ्यावरच बाई गुंतली होती. माझी थट्टेची सवय, पण त्या दिवशी मी नुसता आणखी एक चहा सांगितला.

मग त्यांच्याकडचे बघायला येणार असं ठरलं. हिच्या बाजूनं कुणीतरी माणूस बसायला हवं. भावांना फोन केले. दोघांचंही एकच, "तुला पटलं की आम्हाला पटलं, ताई." मोकळे झाले. तेव्हा तिच्या बाजूनं आम्ही नवराबायको जाऊन बसलो. पोहे मी केले. खुर्च्या शेजारून आणल्या.

आनंदराज आणि लुंबिनी दोघंच आली. जय भीम झालं, नमस्कार झाला, पाणी झालं. आनंदराज साधा माणूस, पांढरा सदरा, बोटं सारखी चष्म्याच्या घरावर. लुंबिनी तिशीची, नीट बोलणारी. पंचशीला पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली आणि लुंबिनी तिच्याकडे बघतच राहिली. मला आधी अभिमानच वाटला. इतक्या वर्षांची मेहनत कुणीतरी बघतंय म्हटलं.

पोहे अर्धे झाल्यावर लुंबिनी उठून माझ्या मागे स्वयंपाकघरात आली. "काकू, राग धरू नका," ती म्हणाली. "पप्पा एकटे पडले, त्यांना सोबत पाहिजे, म्हणून मीच त्यांना मेळाव्याला नेलं होतं. पण ह्या लई तरुण दिसायल्यात. कागदावर पन्नास म्हणतात, त्या दिसतात चाळीसच्या. आजकाल दवाखान्यात काय बी होतं. उद्या लेकरू झालं तर? दादा आत्ताच म्हणून राहिला, जमिनीत वाटेकरी येईल म्हणून. मला घरात भांडण न्हाई पाहिजे."

मला हसावं की रडावं कळेना. मी तिला सांगितलं की बाई, ती पन्नासची नाही, चोपन्नची आहे. बायकांचं जे असतं ते तिचं कधीच थांबलंय. आणि मायनं सांगितलेली दुष्काळाची गोष्ट सांगितली. ती शांतपणे ऐकत होती. "तुम्ही ऐकलेलं सांगताय, काकू. थांबलं म्हणायला काय, कुणी बी म्हणतं. त्यांच्या घरचं कुणी मोठं माणूस न्हाई का? ज्यांनी बघितलंय असं?"

पंचशीला दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं पदरानं हात पुसले आणि दोघा भावांतल्या मोठ्याला फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला आणि फोन बाहेर टेबलावर ठेवला. "भाऊ, इथं पाहुणे बसलेत," ती म्हणाली. "माझं खरं वय काय, तेवढं त्यांना सांग."

"वय?" तिकडून आवाज आला. "शाळेच्या टीसीवर आहे ना, ताई. पंच्याहत्तर."

"टीसीचं न्हाई. खरं. मी तुझ्याहून केवढी मोठी?"

"वर्षभरानं असशील. आपण एकाच वर्गात होतो की."

मला राहवलं नाही. मी फोनजवळ जाऊन म्हणाले, "अरे बाबा, वर्षानं मोठी बहीण भावाला कडेवर घेऊन फिरते का? तुला सांभाळायला तिला शाळेत घातलं नव्हतं. तुझ्यामुळे ती उशिरा शाळेत गेली."

"असेल, वहिनी," तो हसून म्हणाला. तो वाईट माणूस नाही. "मला कुठलं आठवणार ते. माय असती तर सांगितलं असतं."

पंचशीलानं फोन बंद केला. आमचे हे पोह्यांतला शेंगदाणा शोधत बसले. मी आनंदराजांकडे बघत होते. त्यांनी एक शब्द बोलावा, पोरीला म्हणावं की मला हिच्या वयाशी काही घेणं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग लुंबिनी म्हणाली, "कळवतो आम्ही," आणि ती दोघं उठली.

दाराशी आनंदराज थांबले. पंचशीलाला म्हणाले, "पोरांचं ऐकावं लागतं, बाई. शेवटी त्यांच्यातच राहायचं हाय."

"हाव," ती म्हणाली. "बरोबर हाय तुमचं."

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. न कळवताच कळवलं. मला त्या माणसाचा फार राग आला, त्या पोरीचाही आला, आणि सगळ्यात जास्त त्या भावाचा. पण पंचशीला कुणावर चिडली नाही. आठवडाभरानं ती दुकानात आली, नेहमीच्या जागी बसली. ऋतुजा गिऱ्हाइकाला सीरम दाखवत होती.

"वहिनी," ती म्हणाली, "मी लहान होते हे बघितलेलं माणूस ऱ्हायलं न्हाई. आता मी म्हातारी होऊन राहिले ते तरी कुणीतरी बघायला पाहिजे ना. तुम्ही बघत जावा. कुठं काय बदललं, केस गेले, गाल बसले, सगळं सांगत जावा मला. सांगाल ना?"

मी हो म्हणाले. तिचा हात हातात घेतला, तो मऊ होता. मी तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे. हे तिलाही माहीत आहे. आम्ही दोघींनी तो विषय काढला नाही आणि चहा सांगितला.