आबांच्या ओट्यावरची शिकवणी

‘पोरं ढ आहेत’ म्हणणाऱ्यांनो, तुम्ही पोरांना शिकवलंत कधी? तुम्ही फळ्याला शिकवलंत. पोरं फक्त मागे बसली होती.

तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळ एका खेड्यात मी घरी जाऊन शिकवते. एका घरातली तीन चुलत भावंडं, एक ओटा आणि तिघांची डोकी तीन तऱ्हांची. ‘प्रत्येक मुलाची शिकण्याची पद्धत वेगळी’ यावर बी.एड.ला मी झकास निबंध लिहिला होता. त्यात न मावलेलं सगळं या ओट्यावर साठत गेलं.

*

दीपालीला बसून काही पाठ होत नाही. चालताना होतं. म्हणून ती अंगणात फिरत इतिहास म्हणायची. अंगणात मिरच्या वाळत होत्या. काकूने पाहिलं, फिरतेच आहे तर हिच्या हाती दाताळं द्यावं. मिरच्या उलटल्या गेल्या, इतिहास पाठ झाला. आता अठराशे सत्तावन्न म्हटलं की तिला शिंक येते.

*

धाकटा यश हाताने धरल्याशिवाय काही मानत नाही. पुस्तकातला अपूर्णांकाचा पिझ्झा त्याने उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. मी केळीचा घड आणला, फण्या मोजून वाटल्या. पठ्ठ्याला एका दिवसात समजलं.

शाळेच्या चाचणीत त्याने बरोबर उत्तर लिहिलं आणि खाली जोडलं, ‘पण खालच्या फण्या बारीक असतात, म्हणून ही वाटणी न्यायाची नाही.’ शाळेने शून्य दिलं. मी असते तर पैकीच्या पैकी दिले असते!

*

कुणालचं डोकं भांडल्याशिवाय चालू होत नाही. समोरचा चुकला की तो पेटतो, पुस्तक उघडतो, पुरावे काढतो. म्हणून मी मुद्दाम चुकते. एकदा छातीठोकपणे सांगितलं, तापी पूर्वेला वाहते.

नेमके तेव्हा त्यांचे आजोबा ओट्यावरून चालले होते. घरात आबांचा शब्द शेवटचा. पोरं सोडा, त्यांची बायको, जिजीसुद्धा उलटून बोलत नाही. कुणालचे पुरावे ऐकायला ते थांबले नाहीत. मला एवढंच विचारलं, “मॅडम, तापी उलटी कव्हय वाहाले लागनी?”

त्यांनी ठरवून टाकलं. रविवारी स्वतः बसून बघणार. पटलं नाही तर तिघंही शहाद्याच्या मोठ्या क्लासला. तिथे एक सर, एक माईक आणि हलायला बंदी. दीपालीचं तिथे काय होणार, या विचाराने मला जेवण गेलं नाही.

*

रविवारी आबा खाटेवर. विषय क्षेत्रफळ. त्यांच्यासमोर चुकायची माझी छाती होईना, म्हणून सरळ शिकवलं. कुणाल पेंगायला लागला. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मनातल्या मनात पिशवी भरली.

मग त्यांनीच सूत्रं हातात घेतली. यात अवघड काय, म्हणाले. शेताच्या समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्या गुणायच्या. वावर कितीही तिरकं असो, गावात सगळे असंच मोजत आले.

कुणालचे डोळे उघडले.

उठून त्याने कापसाच्या पऱ्हाटीच्या चार सारख्या काड्या आणल्या, टोकं दोऱ्याने बांधून चौकोन केला आणि आबांसमोर ठेवला. मग एक कोपरा दाबत गेला. चौकोन तिरका झाला, चपटा झाला, शेवटी काड्या एकमेकींना चिकटल्या.

“आबा, बाजू तितल्याच शेतस. मंग वावर कोठे गयं?”

आबांनी काड्या उचलल्या, उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या. बराच वेळ. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “शहादा राहू द्या.”

चहा घेऊन आलेली जिजी दारातच उभी होती. तिने कप माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, “मॅडम, मालेबी शिकवणीमा बसाडी ल्या. ह्या पोरना शेजारे.”