काकांची पाठ

माझा चुलत भाऊ दोन-तीन वर्षं पुण्यात राहून आला, तो एक दाढी, एक उसना कॅमेरा आणि आम्हां सोलापूरकरांबद्दलची अपार कीव घेऊन. सत्तरच्या दशकातली त्याची ती कॉलर! एका टोकाला पारव्याने घरटं केलं असतं तरी दुसऱ्या टोकाला पत्ता लागला नसता.

"छोटा भयपट करतोय," तो म्हणाला. "कुटुंब आणि दुःख यावर."

दुःखावर! याचे वडील, म्हणजे माझे काका, वर्षापूर्वी वारले तेव्हा हा मातीलाही पोचला नव्हता. गाडी म्हणे जेऊरला अडली, मग केमला अडली. तेवढ्यात एखादी म्हैस रुळावरून चालत सोलापुरात येऊन, दूध देऊन परत गेली असती. आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. विभूती लावून, हार घालून, भिंतीला टेकवून बसवतात आणि बसवूनच नेतात. उन्हं कलेपर्यंत काकूने सगळ्यांना अडवून धरलं होतं. "लेकाला तोंड बघू द्या." लेक उगवला तेव्हा आम्ही आंघोळी करून वाळलोसुद्धा होतो.

आता हाच सांगत होता, "मेलेला बाप कोपऱ्यात बसलेला दिसतो. लोक किंचाळतील."

"पुण्यात किंचाळतील. हितं समदे बसूनच गेलेत की."

"तुला सिनेमा कळत नाही," म्हणून त्याने मलाच काका केलं. भय तोंडात नसतं, पाठीत असतं, असा शोध लावून मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. दिव्यांची धग अशी, की माझ्या पाठीवर चटणीपुरत्या शेंगा सहज भाजून निघाल्या असत्या.

काकांचा कोट काकूने स्वतः पेटीतून काढून दिला होता. घरात काकांचा एकही फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की ते भुसाराच्या गोदामात पळायचे.

"पडद्यावर ते दिसतील का रे?" तिने लेकाला विचारलं.

"दिसतील की, अव्वा," तो मान वर न करता म्हणाला.

रीळ मुंबईहून धुऊन आलं. भर दुपारी गोदामाची दारं लावून, ज्वारीच्या पोत्यांमध्ये एक पांढरं धोतर ताणलं. सगळा गोतावळा जमला. मशीन पिठाच्या गिरणीसारखं ओरडू लागलं आणि धोतरावर माझी पाठ उमटली. कोणी किंचाळलं नाही. आत्या म्हणाली, "कोट चांगला ठिवलाय गं."

पाठ, पाठ, नुसती पाठ.

काकू उठली.

"अव्वा, खाली बस! सावली पडतीय!"

ती सरळ धोतरामागे गेली. खालून फक्त तिची पावलं दिसत होती. मग आवाज आला, "हितूनबी पाठच हाय की रे."

"अगं, ते बाबा नाहीत! हा आहे, हा!" त्याने माझ्याकडे बोट केलं.

"ठावं हाय. कोट मीच दिला की." ती बाहेर आली. "पर तू दिसतील म्हणालास. तुला त्यांचं तोंड घावलं न्हाय, तू काय दावणार?"

दिग्दर्शकाने दाढी खाजवली. मी मोठ्या मनाने म्हणालो, "काकू, परत बसू का? हिकडं तोंड करून?"

तिने मला नीट न्याहाळलं. "असल्या नाकाच्या माणसाशी मी लगीनच केलं नसतं."

भाऊ पुण्याला परतला आणि सांगत सुटला, की त्याच्या पिक्चरला घाबरून सोलापुरात एक बाई पडद्यामागे लपली.

ती बाई कोण, हे मात्र सांगत नाही.