एकटी ज्वारी आणि शिवारभरची पाखरं

मी कमी बोलतो. घरात, शाळेत, लग्नाच्या मांडवातसुद्धा. लोकांना तो माझा स्वभाव वाटतो. खरं म्हणजे एकदा मी फार बोललो होतो, आणि ते बोलणं मनातून काही केल्या गेलं नाही.

बीदर जिल्ह्यात, संतपूरच्या अलीकडं माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, सासर. नोकरीच्या सुरुवातीला मी त्याच गावच्या मराठी शाळेवर होतो. एका ग्रामसभेत पंचायतीच्या लोकांनी मला चार शब्द बोलायला उभं केलं. मी चारावर थांबलो नाही. रेशनवर तांदूळ मिळतो, सोयाबीनला हमीभाव आहे, तुरीचं खरेदी केंद्र सुरू होतंय. मग ज्वारी पेरून पाखरं राखत कशाला बसायचं, असं मी हातवारे करकरून सांगितलं. टाळ्या पडल्या. पुढं शिवारातली ज्वारी एकेका वावरातून निघत गेली. कडबा संपला तशी दावणीची बैलंही गेली.

मी खोटं बोललो नव्हतो, हेही लिहायला पाहिजे. त्या तांदळामुळं गावात उपाशी झोपणारं घर उरलं नाही. आधी अशी घरं होती. त्या घरांतली लेकरं माझ्या वर्गात दुपारच्या आधीच पेंगायची. पण तांदूळ घरात येतो आणि त्यातला बराचसा मोटरसायकलवर पोती लादून फिरणाऱ्या माणसाकडं जातो. आलेल्या पैशातून बायका कमलनगरच्या बाजारात ज्वारी घेतात, आणि आसपास पिकत नाही म्हणून ती तांदळाहून महाग. ज्या घरांना जमीन नाही त्यांना पूर्वी काढणीची मजुरी ज्वारीतच मिळायची. आता तीही किलो-किलोनं विकत घेतात. मध्ये सरकारच्या ध्यानात आलं की इकडच्या माणसाचं भातावर भागत नाही. रेशनवर ज्वारी देऊ म्हणाले. काही महिने दिलीही. मग बंद झाली, कारण सरकारला विकत घ्यायलाच पुरेशी ज्वारी मिळेना. ही बातमी वाचली त्या सकाळी मी चहा तसाच ठेवून उठलो.

भाऊजी गेल्यापासून अक्काच्या शेताचं मीच बघतो. भाचा हैदराबादला असतो, मी बदलीनं बीदरला. दरवर्षी पेरणीच्या तोंडावर अक्काचा बीदरला फोन यायचा, "औंदा जवारी घालू की रे." दरवर्षी मी तिला बाजारभाव सांगायचो. गेल्या वर्षी तिनं भाव ऐकूनच घेतला नाही.

"मी मेल्यावर निवदाला भाकर ठेवशीलच की. जित्ती हाय तवर खाऊ दे जरा."

यावर कोणता भाव सांगणार? सोयाबीन निघाल्यावर रस्त्याकडच्या तुकड्यात शाळू, म्हणजे थंडीतली ज्वारी, पेरला. अक्काचं मागणं एवढंच होतं, की आपल्या वावरची भाकर वर्षभर पुरावी, बाजारात पिशवी घेऊन जायची पाळी येऊ नये.

पीक असं आलं की मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आमच्या येळवशीला, निम्मं गाव अक्काच्या वावरात जेवायला आलं. येळवशीला इकडं घरात कुणी थांबत नाही. रानात कडब्याची खोप करून पूजा मांडतात आणि आंबिल, पालेभाज्या नि हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे असं जेवण होतं. अलीकडं लोक कडबा विकत आणून खोप करायचे, नाहीतर ताडपत्री ताणायचे. त्या दिवशी खोपीच्या चहूबाजूंनी उभी ज्वारी होती, वाऱ्यानं सळसळणारी. अक्का नव्या नवरीसारखी लगबग करत होती.

मग कणसांत दूध भरलं, आणि भोरड्या आल्या.

भोरडी म्हणजे गुलाबी पोटाचं, काळ्या डोक्याचं पाखरू. थंडीत येतं, आणि येतं ते थव्यानं. लहानपणी कोसभर ज्वारी असायची, तेव्हा हा थवा वाटला जायचा. कुणाचं थोडं इथं, कुणाचं थोडं तिथं. आता सगळी तूर. तुरीत त्यांना काय मिळणार? अख्ख्या शिवारात एकच ताट वाढलेलं, आणि पंगत सगळी त्यावर. अक्कानं फोनवर फक्त एवढंच सांगितलं, "असंच चाललं तर शिवरात्रीला कडबाच उरंल."

मी रजा टाकून गेलो. बांधावर माळा बांधला, वर चढलो, हातात गोफण घेतली. लहानपणी बरी यायची. पहिला दगड मागं गेला आणि अक्काच्या जेवणाच्या डब्यावर बसला. खाली अक्काची धाकटी जाऊ तुरीच्या पेंढ्या बांधत होती. मी तिच्या जावेचा भाऊ, म्हणजे तिच्या थट्टेचा हक्काचा माणूस.

"पाव्हणं," ती ओरडली, "पाखरं पुढं हैत. मागं आमी हाव."

गोफण ठेवून मी आवाज काढून बघितला. वर्गात काढतो तसा. भोरड्यांनी मान वर केली आणि परत खायला लागल्या.

"शाळंतली पोरं तरी ऐकत होती का तुमचं?" जाऊनं विचारलं.

"कामून त्याला छळायलीस गं?" अक्का म्हणाली, पण तीही तोंडाला पदर लावून हसत होती.

दुसऱ्या दिवसापासून जाऊ स्वतःच यायला लागली, तेलाचा रिकामा डबा आणि काठी घेऊन. तिच्यामागं तुरीच्या काढणीवरच्या बायका आल्या. कुणी ताटली बडवायची, कुणी जुन्या लुगड्याची पट्टी बांबूला बांधून नाचवायची. थवा उठला की सगळ्या मिळून आरोळी द्यायच्या, आणि माळ्यावरून मीही. इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात ओरडलो नसेन. घसा बसला, पण कसं मोकळं वाटत होतं!

कणसं हुरड्याला आली तशी दुपारी आगटी पेटायची. गरम हुरडा, गूळ, कारळाची चटणी. अशाच एका दुपारी, सगळ्या हात चोळत बसलेल्या असताना, माझ्या तोंडून निघून गेलं. म्हणालो, "तुमची ज्वारी माझ्यामुळं गेली. त्या सभेत मी तसं बोलायला नको होतं. इतकी वर्षं माझ्या मनाला ते खातंय."

 जाऊनं तोंडातला हुरडा गिळला.

"कोनती सभा?"

मी सांगितली.

"व्हय व्हय, तुमी लई येळ बोलला होताव ती! अवो, चहा निवायला लागला होता. तुमी बसावं म्हनून टाळ्या वाजिवल्या मानसांनी."

बायका एकमेकींच्या अंगावर रेलून हसायला लागल्या.

"तुमचं ऐकून कोन सोडतंय जवारी?" ती पुढं म्हणाली. "सोयाबीनला भाव बरा होता. राखनीला मानूस मिळना. वरून तांदूळ फुकट. दिल्लीनं सोडिवली, बेंगळूरनं सोडिवली. तुमी त्यात कुठं हैत, पाव्हणं?"

मला हलकं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा अपमानही झाला. सरकारनं केलेलं एवढं मोठं काम मी एकट्यानं केलं, असं धरून मी वर्षानुवर्षं गप्प बसलो होतो. अपराध म्हणत होतो, पण त्यात ऐट किती होती!

"बाकीच्यांचं ठाव न्हाई," अक्का आगटीत काडी सारत म्हणाली, "माझी मातर ह्यानंच अडिवली होती."

ते खरं होतं. मान खाली घालून मी ते कबूल केलं. तिनं माझ्या हातावर हुरड्याची आणखी एक मूठ ओतली.

भोरड्यांनी त्यांचा वाटा नेलाच. तरी मळणीनंतर खळ्यावर जी रास पडली ती अक्काला वर्षभर पुरेल एवढी होती, थोडी वरही. काढणीच्या बायकांना द्यायला मी नोटा घेऊन आलो होतो.

"पैसे नकोत, सर," त्यांतली एक म्हणाली. "जवारी द्या."

बाकीच्याही तेच म्हणाल्या. मी राशीकडं बघितलं आणि मनात हिशोब मांडला. "अक्का," मी हळूच म्हणालो, "ह्यांना देऊन दिवाळीपतोर पुरायची न्हाई तुला."

अक्का सूप घेऊन राशीपाशी बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. सूप भरलं, वर आणखी एक ओंजळ टाकली आणि पहिल्या बाईच्या पदरात ओतलं. मग दुसरीच्या. बायकांचे पदर जड होत गेले तशी रास खाली बसत गेली, आणि अक्काचा चेहरा मी कितीतरी वर्षांत बघितला नव्हता तितका फुलत गेला.

शेवटी जाऊ आली. तिनं पदर पसरला नाही, छोटी पिशवी पुढं केली.

"मला खायाला नको. बियाला दे. रस्त्यापल्याडच्या तुकड्यात घालती औंदा."

"घाल की," अक्का म्हणाली. "माझी सरली की तुझ्याकडं येती भाकरी खायाला."

"ये. पन अर्ध्या भोरड्या माझ्याकडं धाडायच्या. समद्या तूच ठिवायच्या न्हाईत."

अक्कानं पिशवी काठोकाठ भरली.