बांधावरच्या चपला

अतिवृष्टीनंतर आमच्या पडघ्याकडच्या गावात भाताचे पंचनामे करायला ज्या तलाठीबाई येतात, त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. आधीचे तलाठी भाऊसाहेब रस्त्यावरूनच फोटो काढायचे. कडेचं भात उभं दिसायचं, मधलं कुजलेलं दिसायचंच नाही, आणि भरपाई अडायची. या बाई बांधावर चपला काढतात, साडी खोचतात आणि म्हणतात, "कुठवर आडवं झालंय? चला, दाखवा." मग थेट शेताच्या मधोमध.

नवरात्रात आल्या तेव्हा आम्हाला वाटलं, नऊ दिवस अनवाणी राहायचा नवस असेल. दसऱ्यानंतर पाऊस पुन्हा कोसळला. बाई आल्या, आणि चपला पुन्हा बांधावर.

माझ्या काकीला राहवेना. "बाय, नवरात सरली. आता पायात घाल. आत पीक न्हाय, नुसता चिखल हाय. काटा लागंल."

पोटरीभर चिखलात उभ्या बाईंनी एक कुजलेली लोंबी उचलली.

"काकी, मयत झालेल्या घरात आपण चपला घालून शिरतो का?"

काकीने आपल्या चपला काढून बाईंच्या चपलांशेजारी ठेवल्या. थोड्या वेळाने मी मागे पाहिलं, तर बांधावर चपलांची रांग लागली होती.