कणकेच्या गोळ्या

मीनाक्षीच्या पायाला भिंगरी होती, पण भिंगरीला फिरायला जागा नव्हती. रत्नागिरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी ही बाई २००३ साली प्रसन्नमागोमाग परदेशात, श्रूजबरीला आली, ती डिपेंडंट व्हिसावर. म्हणजे नवऱ्याने कमवायचं आणि हिने कपाटं लावायची. लावून झाली की उपसून पुन्हा लावायची. अपार्टमेंटभोवती तिने इतक्या चकरा मारल्या, की शेजारची म्हातारी विचारू लागली, काही हरवलंय का? हरवलं होतंच, पण तिला सांगणार काय, कपाळ!

दोन वर्षं अशी तगमग झाल्यावर तिला जवळच्या शहरातल्या मोठ्या अ‍ॅक्वेरियममध्ये शनिवारचं बिनपगारी काम मिळालं. तिथे पेंग्विन होते, डोक्यावरून शार्क जाणारा काचेचा बोगदा होता. मीनाक्षीची जागा मात्र उथळ हौदापाशी. मुलांनी बाह्या सरसावून पाकट माशांच्या चपट्या पाठीवर हात फिरवायचा आणि हिने बजावायचं, दोनच बोटं, हळूच! सुरुवातीचे काही महिने उमेदवारी होती, ती आज संपणार होती. कायम ठेवतात की नाही, या धास्तीने बाई पहाटेपासून घरभर येरझाऱ्या घालत होती.

नेमक्या त्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "मीही येते गं."

शरयूबाई मुलाकडे आल्यापासून कुरकुरत होत्या. "पगार नाही तो नाही, वर दिवसभर पाण्यात हात!" पण हौदापाशी पोचल्यावर त्यांनी पाहिलं, निळा शर्ट घातलेली आपली सून फडाफडा इंग्रजी बोलतेय आणि गोरी पोरं आ वासून ऐकताहेत. त्यांना भरून आलं. मीनाक्षीची पाठ वळली तशी त्यांनी पर्समधून डबा काढला. तोंडाने कुरकुर चालली, तरी सकाळी कणकेच्या गोळ्या वळायला त्या विसरल्या नव्हत्या. वाईला असताना घाटावर त्यांनी माशांना कधी उपाशी ठेवलं नव्हतं. "हिचं काम होऊ दे," असं पुटपुटत त्यांनी मूठभर गोळ्या हौदात सोडल्या.

एक पोरगी किंचाळली. मीनाक्षीने वळून पाहिलं. दंडापर्यंत हात बुडवून, पाकटांना ढकलत, तिने सापडेल तेवढी कणीक गोळा केली. हौद बंद झाला. मुलं मागे सारली. देखरेख करणारी कॅरल धावत आली.

"हू डिड धिस?"

'कुणीतरी व्हिजिटर' हे उत्तर मीनाक्षीच्या जिभेवर तयार होतं. गर्दी एवढी, कोण शोधत बसणार? पण त्या गर्दीत शरयूबाई पिठाळ बोटं पदराला पुसत तिच्याकडे पाहून हसत होत्या. इतक्या कौतुकाने त्या तिच्याकडे कधीच हसल्या नव्हत्या.

"माय मदर-इन-लॉ," ती म्हणाली. "मी त्यांना सांगायला हवं होतं. चूक माझी."

कॅरल वाईट नव्हती. तिने खांद्यावर हात ठेवला, पण नियमापुढे तिचं काही चालत नव्हतं. मीनाक्षीने निळा शर्ट घडी करून परत दिला.

घरी जाताना प्रसन्न गाडी चालवत होता. शरयूबाईंनी विचारलं, "शर्ट कशाला दिलास गं?"

"धुवायला."

"आणि माशांनी खाल्लं ना?"

मीनाक्षीच्या कोटाच्या खिशात ती ओली कणीक तशीच होती. मूठ आवळली तशी ती बोटांमधून वर आली.

"खाल्लं, आई. सगळं खाल्लं."

"मग झालंच तुझं काम," शरयूबाई समाधानाने मागे रेलल्या. "पुढच्या शनिवारी जास्त मळते."